तीन सेंटीमीटर खाली : पुणे ते हर्णै

पसरणी घाट अर्धा चढून झाला आणि एकदम लक्षात आलं, उजवा गुडघा गप्प आहे.

गेली तीन वर्षं पुण्याहून या वाटेनं कोकणात उतरताना नेमका इथेच वाटीच्या मागे ठणका सुरू व्हायचा. मग पाय मोटरसायकलच्या फूटपेगवरून, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवरून, उचलायचा, हवेत लांब करायचा, पुढच्या वळणाआधी परत जागेवर ठेवायचा. पाचगणी येईपर्यंत हाच उद्योग. खाली धोम धरणाचं पाणी, पलीकडे पांडवगड, हे सगळं तेव्हाही तिथेच होतं. पण मी ते नीट पाहिलं ते या डिसेंबरात.

माझी उंची सहा फूट एक इंच. गाडी आवडीची, इंजिन आवडीचं, सीटही ठीक. पण सीट आणि फूटपेग यांच्यातलं अंतर माझ्या पायांना कमी पडायचं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की गुडघा जितका जास्त वाकलेला, तितका वाटीवरचा दाब जास्त, आणि तास-तासभर तसंच बसलात तर तो दुखणारच. गाडी विकायची नव्हती. सीट उंच करून पाहिली, तर सिग्नलला पाय टेकवताना गाडी जड वाटायला लागली. मग राहिले फूटपेग.

आधी कागदावर त्रिकोण मांडला : मांडी, नडगी आणि सीटपासून फूटपेगपर्यंतचं अंतर. फूटपेग ३० मिलिमीटर खाली गेले, तर माझ्या गुडघ्याचा कोन साधारण ७५ अंशांवरून ८० अंशांवर येत होता, म्हणजे गुडघा तेवढा कमी वाकणार होता. फक्त पाच अंश! एवढ्यासाठी खर्च करायचा का, असं वाटलं. म्हणून बायकोला गाडी सरळ धरायला सांगितली, दोन्ही बाजूंना विटांवर फळ्या रचून तेवढीच उंची साधली आणि फळीवर पाय ठेवून वीस मिनिटं बसून राहिलो. कुणी विचारलं तर मी हीच चाचणी आधी करायला सांगतो. पाच अंश कागदावर किरकोळ दिसतात, मांडीच्या मागच्या शिरेला मात्र लगेच कळतात.

नाना पेठेत दुचाकीचे सुटे भाग घेणाऱ्यांची रोजची गर्दी असते. तिथे या वस्तूला सगळे ‘फूटरेस’च म्हणतात. तीसनं बरं वाटतंय तर आणखी खाली घेऊ, म्हणून मी पन्नास मिलिमीटर खाली जाणारे मागितले. दुकानदार काकांनी विचारलं, “घाटात जाता का दादा?” म्हटलं, “घाटातच जातो.” “मग पन्नास नका घेऊ. वळणात बूट घासेल. तीसवाले न्या.” जास्त किमतीची वस्तू बाजूला ठेवून त्यांनी मला तीसवाले दिले, हे मी विसरणार नाही. बघताना दोन गोष्टी तपासल्या. एक, फूटपेग वर-मागे दुमडतो का. घट्ट बसवलेला, न दुमडणारा फूटपेग रस्त्याला टेकला तर चाक उचलू शकतो. दुसरी, मधलं रबर निघतं का. रबर कंप खातं; पावसात आणि चिखलात मात्र खालचे उघडे दातेच बूट धरून ठेवतात.

बसवायचं काम पार्किंगमध्ये मीच केलं. फूटपेगची मुख्य पिन अडकवून ठेवणारी छोटी स्प्लिट पिन पकडीनं सरळ करून काढायची, वायसर सांभाळायचा, मुख्य पिन ठोकून बाहेर घ्यायची. माझी डावीकडची पिन गंजली होती, तिच्यावर तेल मारून रात्रभर ठेवावं लागलं. खरी कसोटी परतीच्या स्प्रिंगची. ती उलटी बसली तर फूटपेग दुमडल्यावर आपोआप खाली येत नाही. फूटपेग धरणाऱ्या नव्या ब्रॅकेटच्या बोल्टांच्या आट्यांना लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावलं आणि बोल्टाच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. जुन्या स्प्लिट पिना मात्र परत वापरल्या नाहीत. स्प्लिट पिन नेहमी नवीच घालावी. गिअरचा लिव्हर शाफ्टवरून काढून एक दाता खाली बसवला आणि साइड स्टँड उघडताना डाव्या फूटपेगला अडत नाही ना, तेही पाहिलं.

ब्रेक मात्र तसाच राहिला.

पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकी उतरून सुरूर फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा मागून आलेला एक बाइकवाला म्हणाला, “दादा, तुमचा ब्रेक लाइट सतत चालू आहे.” मागच्या ब्रेकच्या डिस्कजवळ हात नेला तर चांगलीच धग. कारण तिथेच समजलं. पाऊल तीन सेंटीमीटर खाली गेलं, ब्रेकचं पेडल होतं तिथेच राहिलं. म्हणजे पावलाच्या हिशेबानं ते वर आलं आणि माझा तळवा पुण्यापासून त्याच्यावर नकळत टेकलेला होता. तसाच घाट उतरलो असतो तर ब्रेक तापून ऐन उतारावर दगा देऊ शकला असता. सोबत पाने होते. डिस्क निवेपर्यंत थांबलो, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या दांड्याचा लॉकनट सैल करून पेडल खाली घेतलं, दाबण्याआधीचा थोडा मोकळा प्ले ठेवला, मग ब्रेक लाइटचा स्विच नव्यानं जुळवला. पाऊण तास गेला. फूटपेग बदलणाऱ्या प्रत्येकानं पेडल त्याच दिवशी, घरीच जुळवावं, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

महाबळेश्वरला न रेंगाळता आंबेनळी घाटाला लागलो. साडेतेराशे मीटर उंचीवरून थेट पोलादपूरला उतरणारा हा घाट. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि एका आवळत जाणाऱ्या डाव्या वळणात खालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. फूटपेगच्या टोकाखाली एक लहान बोल्ट असतो, रस्त्याला आधी तो टेकून इशारा देतो. हेच वळण याच वेगानं मी अनेकदा घेतलंय, तेव्हा तो कधी टेकला नव्हता. माझ्या गाडीच्या मापांनी झुकायचे जवळपास तीन अंश मी गमावले होते. गुडघ्याला पाच मिळाले, वळणात तीन गेले. मला हा व्यवहार मान्य आहे, पण तो मान्य करायचा तर वेगही कमी करायला हवा. पुढची सगळी वळणं मी एक गिअर खाली ठेवून आणि शरीर थोडं आत झुकवून घेतली.

पोलादपूरपासून महामार्ग आणि कशेडीचा बोगदा भराभर मागे पडले. खेड-दापोली रस्त्यावर मात्र एक अनपेक्षित सुख मिळालं. खड्डे आले की मी फूटपेगवर उभा राहतो, आणि पूर्वी हँडल धरायला कंबरेत वाकावं लागायचं. पाय खाली गेल्यामुळे तेच हँडल आता हातांना वर आणि जवळ आलं होतं. पाठ सरळ, गुडघे सैल, गाडी खालच्या खाली नाचतेय. फूटपेग घेताना हा विचार डोक्यात नव्हता.

हर्णैला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगात आला होता. होड्यांतून माल बैलगाड्यांवर येत होता, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. गाडी लावून मी सरळ वाळूत उतरलो. एरवी इथे आल्यावर पहिला अर्धा तास पायरीवर बसून गुडघा चोळण्यात जायचा.

सकाळी पेंटच्या रेघा पाहिल्या. तीन जशाच्या तशा होत्या, डावीकडच्या मागच्या बोल्टाची किंचित सरकली होती. ॲलन कीनं तो पाव फेराही फिरला नाही, पण घट्ट बसला. खुणेसाठी नवी रेघ ओढली. परतीला आंजर्ले, केळशी, वेळास करत वेसवीच्या जेट्टीवर गेलो. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपुरात भेटली होती, तीच इथे बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. गेल्या दोन्ही वेळी दुखऱ्या गुडघ्यामुळे हा रस्ता सोडून मी सरळ महामार्गानं घरी गेलो होतो. या वेळी गाडी फेरीबोटीवर चढवली आणि बागमांडल्यापर्यंत तिच्याशेजारी उभा राहिलो.