टाचेवरची गाठ

"चपलेचा घट्टा असंल म्हणून सोडून दिलं," वहिनी म्हणाली. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टर दादाच्या टाचेमागची शीर चाचपत होते. दोन्ही पायांना सारखीच जाड, टणक गाठ. कोलेस्टेरॉलची.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 310. दादा सडपातळ, वय 38, जेवण म्हणजे कडक भाकरी नि शेंगाचटणी. पण रक्तातलं एलडीएल यकृताला नीट उचलताच येत नाही. तो दोष अण्णांकडून आलेला. अण्णा 44व्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला होता.

आता गोळ्या कायमच्या. स्टॅटिन, सोबत इझेटिमाइब. नाही भागलं तर इंजेक्शन.

दोन्ही पोरांचंही रक्त तपासायचंय. प्रत्येकाला शक्यता निम्मी. धाकटी आठ वर्षांची आहे.

रात्री मी माझ्याच टाचा चाचपत बसले. सकाळी रक्त देऊन आले.

तुमच्या घरात कुणी असं लवकर गेलंय का?