तुम्ही विचारलंत म्हणून: ती डबीएवढी गाडी घ्यावी काय?

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला लोक शिकवायचे पैसे देतात, गाडी कुठली घ्यायची ते मात्र फुकटात विचारतात. बेळगावात, टिळकवाडीत क्लच-ब्रेक शिकवताना हल्ली एकच प्रश्न कानावर येतो. "सर, ती छोटी इलेक्ट्रिक घेऊ काय ओ? एवढ्याशा गाडीला एवढे पैसे?"

एवढीशी आहे खरी. एमजी कॉमेटची लांबी तीन मीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे नॅनोपेक्षाही आखूड. 2009 मध्ये नॅनो एक लाखाची म्हणून आली तेव्हा आमच्या गल्लीत तिला रिक्षा म्हणून हसले. 2023 मध्ये कॉमेट 7.98 लाखांना आली, तर तेच लोक तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायला लागले. नॅनो महाग असती तर चालली असती, असं मला कधी कधी वाटतं.

पैसे जातात कुठे? बॅटरीत. 2024 मध्ये कंपनीने बॅटरी भाड्याने द्यायची सोय काढली: गाडी 4.99 लाखांना, वर किलोमीटरमागे अडीच रुपये. बॅटरीसकट तीच तेव्हा सात लाखांच्या आसपास होती. म्हणजे दोन लाख बॅटरीचेच.

आता हिशोब करा. 2025 च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि साधी अल्टो 3.70 लाखांना मिळायला लागली. कॉमेट सातच लाखांची धरली तरी सव्वातीन लाखांचा फरक. पेट्रोल गावात किलोमीटरला सहा रुपये खातं, घरची वीज रुपयाभर. पाच रुपये वाचले. सव्वातीन लाख वसूल व्हायला 65 हजार किलोमीटर. शहापूर ते कॅम्प असं रोज वीस किलोमीटर फिरलात तर नऊ वर्षं. रोड टॅक्स, विमा धरला की थोडं इकडे तिकडे. बॅटरी भाड्याने घेतली तर वाचणारे पाचाचे अडीचच उरतात.

तरी माझ्याकडे शिकलेल्या एका बाईंनी ती घेतली, आणि मी हो म्हटलं. शाळेत शिकवतात, घरात नवऱ्याची मोठी गाडी आहेच. गणपत गल्लीत त्यांच्या शेजारी बसून गेलो. हातगाडी आणि बुलेट यांच्या मधल्या फटीत बाईंनी ती एका दमात घातली. चार मीटरवाला मागे हॉर्न वाजवत राहिला. क्लच नाही, गियर नाही, दुसऱ्या रेल्वे गेटला पाऊण तास अडकलं तरी पाय दुखत नाही. पावसाळ्यात स्कूटरवर भिजण्यापेक्षा हे बरं, आणि आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे.

पण घरातली पहिली गाडी म्हणून? आपल्याकडे पहिली गाडी एकट्याची नसतेच, पाव्हण्यांचीही असते. येळ्ळूरहून तांदळाचं पोतं आणायचं असतं. डिकी म्हणावी अशी जागाच नाही. मागची सीट दुमडली की पोतं बसतं, मावशी बाहेर. कोल्हापूरला लग्न निघालं तर जाऊन येऊन 220 किलोमीटर, आणि एका चार्जवर कंपनीचा आकडा 230. कागदावर जमतं. रस्त्यावर एसी लावून चौघं बसलात की साडूच्या घरी पंधरा अँपियरचा प्लग शोधायचा आणि सात तास पंगती बघत बसायचं. हायवेवरचं झटपट डीसी चार्जिंग तिला नाही.

परवा अनगोळच्या एका पोराने विचारलं. पहिलीच नोकरी, घरात आई आणि एक जुनी स्कूटर. मी म्हटलं, रविवारी शोरूमला जा, पण आईला घेऊन. दारं दोनच आहेत. पुढची सीट सरकवून आईला मागे बसव, पाच मिनिटं बसू दे, मग उतरव. त्यानंतर मला फोन कर.

अजून फोन आलेला नाही.