दुमडीवरचा मजकूर

1971 च्या पावसाळ्यात माझा दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला ट्रेनिंगला गेला. मी तेव्हा सहावीत होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आबांना सही करण्यापुरतं येत होतं. दादाची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवणं आणि आई सांगेल तसं उत्तर लिहिणं, हे काम आपोआप माझ्याकडे आलं. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, रहिमतपूरच्या अलीकडे. पोस्टमन सायकलवरून यायचे, तेही रोज नाही. ते वळणावर दिसले की आई हातातलं काम टाकून दारात यायची आणि मला हाक मारायची.

दादाचं पत्र नेहमी निळ्या अंतर्देशीय पत्रावर असे. 'तीर्थरूप आई व आबा यांस शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवत जावी.' मग पीटी, ड्रिल, जेवण भरपूर मिळतं, लंगरातली डाळ चांगली असते, उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, कडक आहेत पण माया करतात, असं सगळं. शेवटी पिकापाण्याची चौकशी. एवढं आईसाठी.

माझ्यासाठीचं दुमडीवर असायचं. अंतर्देशीय घडी घालून चिकटवताना जी अरुंद पट्टी आत जाते ना, त्या पट्टीवर तो अगदी बारीक अक्षरात लिहायचा. पहिल्यांदा होतं ते असं: 'बायडे, हे आईला वाचू नको. पाय फुटलेत. बुटानं टाचेची साल निघाली. रात्री पांघरुणात तोंड घालून रडलो. सगळेच रडतात.' मी ते मनात वाचलं आणि पत्र घडी घालून फडताळात ठेवलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं आणि पोटात गोळाही आला.

पुढच्या पत्रांच्या दुमडीवरही असंच काहीबाही असायचं. पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी, बांधून पळताना एक पोरगा चक्कर येऊन पडला. थ्री नॉट थ्री रायफलीचा दस्ता खांद्याला असा बसला की हात वर होईना. रोल कॉलला घरची आठवण येते, कारण आपल्याकडे तेव्हा धारा काढायची वेळ असते. असल्या ओळी मी कुणाला सांगितल्या नाहीत. आबांनासुद्धा नाही.

उत्तर लिहायला बसायचं म्हणजे रात्री जेवणं उरकल्यावर. कंदील मध्ये, मी पाटावर वही ठेवून, आई भिंतीला टेकून. ती बोलायची आणि मी तिची बोली जमेल तशी पुस्तकी करून लिहायची. त्या साली आमच्याकडे पाऊस नीट झाला नव्हता. ज्वारी हातभर वाढून थांबली, विहिरीनं तळ गाठला, आणि दिवाळीच्या आधी आबांनी एक बैल विकला. पुढचं साल तर 72 चं, त्याची आठवण काढायला नको.

"बैलाचं लिहू का?" मी विचारलं.

"नगं. ज्वारी बरी हाय म्हनून लिव्ह."

"पण आई, ज्वारी बरी नाही."

"त्यो तितं काय करनार हाय? बंदूक धरंल का बैलाचा इचार करंल? लिव्ह तू."

मी लिहिलं, ज्वारी बरी आहे.

म्हणजे तिकडून तो दुखणं लपवून पाठवायचा आणि इकडून ही दुष्काळ लपवून पाठवायची, आणि दोन्हीकडचं खरं माहीत असलेली घरात मी एकटी होते, असं मला तेव्हा वाटायचं. दादाला दुमडीवर लिहायची सोय मलाही होती. पण बैलाचं मी तिथंही लिहिलं नाही. आईनं ठरवलं होतं ना, मग नाही.

दिवाळीला दादाला सुटी मिळणार नव्हती. आईनं शेंगदाण्याचे लाडू आणि करंज्या केल्या, पत्र्याच्या डब्यात भरल्या, करंज्यांच्या मधे फडक्याचे तुकडे खुपसले. डब्यावर पांढरं मांजरपाट शिवलं. टाके बारीक हवेत, नाहीतर पोस्टात घेत नाहीत, म्हणून तिनं दोनदा उसवून परत घातले. शिवणीवर लाख लावायची होती, ती आबांनी रहिमतपुरात पोस्टासमोर बसून लावली. कापडावर पत्ता मी लिहिला: रिक्रूट, त्याचा नंबर, त्याचं नाव, कंपनी, मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर, बेळगाव. शाई कापडावर फुटत होती म्हणून प्रत्येक अक्षर टोक न दाबता काढलं. दादाचं उत्तर आलं की करंज्यांचा चुरा झाला होता आणि तो चुरा सगळ्या बरॅकनं चमच्यानं खाल्ला. आईला याचा केवढा आनंद झाला! कुणाकुणाच्या आईचा डबा आला नसेल, ती पोरं जेवली ना, हेच ती चार दिवस सांगत होती.

15 नोव्हेंबरपासून पत्राला पाच पैशांचं जादा तिकीट लावायचा नियम झाला. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी ते पैसे होते. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असं छापलेलं ते तिकीट. लढाई जवळ आली आहे हे आमच्या घरात रेडिओआधी त्या तिकिटानं सांगितलं. आई ते बोटानं चापचून बसवायची आणि म्हणायची, त्यांचीबी लेकरं असत्याल.

3 डिसेंबरला पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला. गावात रेडिओ ग्रामपंचायतीत. संध्याकाळी बातम्यांना अख्खं गाव तिथं. आमच्या तालुक्यात घरटी नाही म्हटलं तरी आळीगणिक एक तरी माणूस पलटणीत, त्यामुळे एकेका ठिकाणाचं नाव आलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. आई तर एकच विचारायची, बेळगावहून पोरं तिकडं नेत्यात का? गावातले एक पेन्शनर हवालदार होते, त्यांनी तिला समजावलं. कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथ, झाल्याबिगर रिक्रूटला पलटणीत धाडत नाहीत, कच्चं पोरगं लढाईत कुणाच्या कामाचं नाही, तुझा लेक बेळगावातच आहे. आईनं मान हलवली. पण त्या पंधरवड्यात दादाचं पत्र आलं नाही आणि तिनं उलथनं हातात घेऊन दाराकडे बघण्यात किती भाकरी करपवल्या, ते आबांना विचारायला हवं होतं.

16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. चावडीसमोर गुलाल उधळला, कुणीतरी पेढे वाटले. आई पेढा हातात धरून घरी आली आणि मला म्हणाली, वही काढ.

त्या पत्रात तिनं लढाईबद्दल एक शब्द सांगितला नाही. म्हैस व्यायली, मामा येऊन गेला, आणि मग मधेच, "त्याला म्हनावं, टाचंला खोबरेल लावत जा. बुटात वल्लं फडकं नगं. कोरडं गुंडाळावं."

माझी लेखणी थांबली. मी तर टाचेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तुला कसं कळलं, असं मी विचारलंही नाही, नुसती बघत राहिले. मग तीच बोलली.

आईचं माहेर अपशिंगे. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले, त्यांच्या नावानं इंग्रज सरकारनं लावलेला दगड गावात आहे. आईचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेला होता. त्याची पत्रं यायची, भटजी वाचून दाखवायचे, सगळ्यांत खुशाल आहे एवढंच. तो परत आला तेव्हा माझ्या आजीनं त्याचे पाय परातीत घेऊन धुतले आणि ते पाय आईनं पाहिले होते. लहान होती, पण विसरली नाही. "खुशाल हाय म्हनून लिवलं की समजायचं," ती म्हणाली. आणि मग, "आन् तू घडी घालताना त्या पट्टीकडं कशी बघतीस, ते मला दिसत न्हाई व्हय?"

पट्टीवर काय लिहिलंय, हे मात्र तिनं विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

जानेवारीत दादाचं लांबलचक पत्र आलं. सेंटरमधल्या उस्तादांनी पोरांना जमालपूरची हकीकत सांगितली होती. तिथं मराठ्यांची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, लढली. ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र पाठवलं होतं आणि त्या लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूदनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली. जमालपूर 11 डिसेंबरला पडलं. दादानं हे सगळं अंगावर काटा येईल असं लिहिलं होतं. मी ते वाचून संपवलं तर आईचा पहिला प्रश्न: "पत्र घिऊन गेलेला मानूस माघारी आला का?" दादाच्या पत्रात ते नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मला वाचायला मिळालं की पत्र घेऊन जाणारा मुक्तिबाहिनीचा, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली फौजेचा, जहुरुल हक मुन्शी होता, त्याला तिथं मारहाण झाली, पण तो जिवंत परतला. तोवर आई गेली होती. तिला हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

कसम परेड 72 च्या उन्हाळ्यात झाली. दादा सुटीवर आला, आईनं त्याला पायरीवर बसवून आधी टाचा बघितल्या. सुटी संपल्यावर तो पलटणीत गेला आणि पत्ता बदलला. युनिटचं नाव आणि खाली 'द्वारा 56 ए.पी.ओ.', म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. गाव नाही, जिल्हा नाही. बेळगाव म्हटलं की आईला कोल्हापूर, निपाणी, मग बेळगाव असा एसटीचा रस्ता डोळ्यांपुढे यायचा. 56 ए.पी.ओ. कुठं आहे, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. त्या पत्त्यावर तिनं पुढची कित्येक वर्षं माझ्याकडून, माझ्या लग्नानंतर धाकट्या भावाकडून पत्रं लिहवून घेतली. दादा मनिऑर्डर पाठवायचा, तिच्या खालच्या कुपनावर दोन ओळी असायच्या. आई अंगठा उठवून पैसे आबांकडे द्यायची आणि कुपन स्वतःच्या डब्यात ठेवायची.

हे सगळं आता लिहायचं कारण आमच्या शेजारची मुलगी. मुलगी म्हणजे माझ्या सुनेच्या वयाची. तिचा लेक अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला आहे. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा तो नुकताच गेला होता. त्याचा मोबाईल जमा, आठवड्यातून थोडा वेळ फोन मिळायचा, तोही कधी लागायचा, कधी नाही. फोन आला की ही रडायची, तो 'मी ठीक आहे' म्हणायचा, वेळ संपायची. टीव्हीवर दिवसभर सायरन. मी तिला अंतर्देशीय आणून दिलं. तिला वाटलं, आता कोण पत्र लिहितं! पण लिहिलं तिनं. काय लिहू म्हणून विचारायला आली तेव्हा मी सांगितलं, घरातलं लिही. कुत्र्याला पिल्लं झाली ते लिही, नळाला पाणी कधी येतं ते लिही. रात्री बरॅकमध्ये वाचायला चार ओळी जास्त असू देत. त्याचं उत्तर आलं, वहीचं पान फाडून लिहिलेलं, आणि तिनं ते मला वाचायला दिलं नाही. बरं वाटलं मला.

दादाची ट्रेनिंगमधली पत्रं माझ्याकडे आहेत. आईनं सांगितलेली, मी लिहिलेली मात्र नाहीत. जवानाची ट्रंक एका पोस्टिंगवरून दुसरीकडे जाते, त्यात कागद किती टिकणार? दादाकडे एकच उरलंय, ज्वारी बरी आहे असं लिहिलेलं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या घरांत 62, 65, 71 सालची घरून जवानाला गेलेली पत्रं कुणाकडे असतील तर माळा झाडताना रद्दीत घालू नका. जवानांनी पाठवलेली पत्रं लोक जपतात. त्यांना गेलेली कमी सापडतात, आणि त्यांतली बहुतेक आमच्या आईसारख्या बायकांनी सांगितलेली आहेत, दुसऱ्याच्या अक्षरात. घडी उघडून दुमडीवरही बघा.