डोलकाठी उभी करण्याआधी दिव्यांची तपासणी: माझा अनुभव

शिडाच्या बोटीची डोलकाठी लाकडी घोड्यांवर आडवी असते, तेव्हा शेंड्यावरचा दिवा कमरेच्या उंचीवर हाताशी असतो. ती एकदा उभी राहिली की त्याच दिव्याचा एक स्क्रू आवळायला दोरखुर्चीत बसून वर जावं लागतं आणि खाली दोर धरायला दुसरा माणूस लागतो. त्यामुळे या कामाला मी अर्धा दिवस राखून ठेवतो.

बऱ्याच डोलकाठ्यांवर चार दिवे असतात. शेंड्यावर अँकर लाइट (नांगर टाकून थांबल्यावर लावायचा) आणि ट्रायकलर (डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा असा तिहेरी दिवा), हे दोन्ही सहसा एकाच डब्यात. मधल्या उंचीवर, पुढच्या अंगाला, इंजिनावर चालताना लावायचा स्टीमिंग लाइट, आणि त्याला लागून डेकवर उजेड पाडणारा दिवा. बुंध्याशी बाहेर येणाऱ्या तारांचे रंग फिके पडलेले असतात, तेव्हा रंगावर विसंबू नये. मी आधी प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितो. बाकी सगळं त्यानंतर.

सामान फार लागत नाही: चार्ज केलेली 12 व्होल्टची बॅटरी, 5 अँपिअरचा फ्यूज घातलेल्या दोन लांब तारा, मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजायचं यंत्र), आणि गाडीच्या ब्रेक लाइटचा 21 वॉटचा जुना बल्ब. हा बल्ब सगळ्यांत कामाचा. कारण सांगतो.

एलईडी दिवा खराब जोड लपवतो. समजा, तारेच्या एखाद्या जोडात हिरवट गंज चढून 2 ओहमचा अडथळा झालाय. दिवा न जोडता मल्टिमीटर लावला तर पूर्ण 12.6 व्होल्ट दिसतात, कारण मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. 2 वॉटचा एलईडी जोडला तरी तो जेमतेम 0.16 अँपिअर घेतो, म्हणजे जोडात 0.3 व्होल्ट पडतात आणि दिवा लखलखीत लागतो. आता दिव्याच्या जागी 21 वॉटचा बल्ब जोडा. त्याच्या टोकांवर साडेनऊच्या आसपास व्होल्ट मिळतात, आणि दोष उघडा पडतो. तारा धड असतील तर 1.5 चौरस मिलिमीटरची तार 15 मीटर वर आणि तितकीच परत धरूनही 12 च्या आसपास मिळायला हवेत. हा जोड आज एलईडी पेटवतोय, पण गंज वाढतच जातो आणि शेवटी हंगामाच्या मधेच दिवा बंद पडतो.

इन्सुलेशनची तपासणी दिवे सोडवूनच करावी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक डोलकाठीच्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर (रंगावर किंवा अ‍ॅनोडाइझ केलेल्या थरावर नाही, तिथे वीज वाहत नाही) आणि दुसरं एकेका तारेला लावतो. कुठेही आकडा दिसता कामा नये. दिसला तर तार आत कुठे तरी सोललेली आहे, बहुधा बाहेर पडण्याच्या भोकाशी, जिथे रबरी बूच गळून पडलेलं असतं. हे चालवून घेतलं तर फ्यूज उडणं ही किरकोळ गोष्ट. गळक्या विजेने अ‍ॅल्युमिनियम आणि बोटीचं इतर धातुकाम झिजू लागतं.

मग दिवे परत जोडून एकेक लावतो. एलईडीला अधिक-उणे उलटं चालत नाही. काही नुसते लागत नाहीत, काही जळतात. दोनच तारांवर चालणाऱ्या काही जोडदिव्यांत मात्र अधिक-उणे उलटवूनच ट्रायकलरवरून अँकर लाइटवर जायचं असतं, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचावं. दिवसा उन्हात एलईडी लागलाय की नाही तेच कळत नाही; वर काळं फडकं टाकून बघतो. प्रत्येक दिवा किती अँपिअर घेतो ते त्याच्या चिकटपट्टीवर लिहितो. हा आकडा पुढे लागणार आहे. दिवे चालू असतानाच डोलकाठीवर मूठ आपटायची, प्रत्येक तार हलकेच ओढायची. लुकलुकला तर जोड कापून नवा करायचा, कलई केलेल्या तारेने आणि आत गोंद असलेल्या हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या) नळीने.

दिशेत तर भल्याभल्यांची फसगत होते. डोलकाठी उताणी, म्हणजे पुढचं अंग आभाळाकडे, आणि तुम्ही बुंध्याशी उभे राहून शेंड्याकडे बघताय, तर ट्रायकलरचा लाल तुमच्या उजव्या हाताला दिसला पाहिजे. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पायाशी उभं राहिलं की त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, तसंच. लाल आणि हिरवा प्रत्येकी 112.5 अंश, मागचा पांढरा 135. स्टीमिंग लाइट पुढे 225 अंश. ट्रायकलर 20 मीटरपेक्षा लहान बोटीला आणि फक्त शिडावर चालताना. इंजिन लावलं की तो बंद, मग स्टीमिंग लाइट आणि खालचे बाजूचे व मागचा दिवा.

आडव्या डोलकाठीत एक दोष दिसतच नाही: तारेचं वजन. उभी केल्यावर सगळी तार वरच्या जोडाला लोंबते. त्यामुळे शेंड्याशी तारेला क्लिप लावून वजन तिच्यावर घ्यायचं, आणि क्लिप ते दिवा एवढा भाग सैल ठेवायचा. व्हीएचएफचा (बोटीवरच्या बिनतारी रेडिओचा) अँटेना जोडलेला असेल तर रेडिओ लावून एलईडी चालू-बंद करून बघावं. काही स्वस्त दिव्यांनी रेडिओत खरखर येते.

उभं केल्यावर, क्रेन अजून तिथेच असताना, बुंध्याशी डेकवर असलेला प्लग जोडून प्रत्येक दिव्याचे अँपिअर पुन्हा मोजतो. चिकटपट्टीवर 0.16 लिहिलंय आणि आता 0.05 किंवा शून्य येतंय, तर आधी डेकवरचा प्लग उघडायचा. वरचं सगळं तासाभरापूर्वी ठीक होतं, आणि खारं पाणी साचतं ते तिथेच.