क्रूझवर दुपारच्या जेवणाला काय घालायचं : माझा अनुभव (आणि सासऱ्यांचा पायजमा)

क्रूझला जायचं ठरलं की जो तो एकच विचारतो, गाला नाइटला (नटूनथटून जेवायला जायची रात्र) काय घालणार? नणंदेने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ब्लेझर भाड्याने कुठे मिळतो इथपर्यंत चर्चा गेली. दुपारच्या जेवणाला काय घालायचं हे एकानेही विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं. म्हणून लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा कुठे जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. सिंगापूरहून बोट सुटते, पेनांग, फुकेत, मग एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर. मी, नवरा, मुलगी आणि सासू-सासरे. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं टूरवाल्यांनी केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मरीना बे क्रूझ सेंटरला उतरलो, पासपोर्ट दाखवले, फोटो काढले, कार्ड मिळालं, झालं.

हां, पण तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच टॅग लावून काढून घेतात आणि त्या तुमच्या केबिनपाशी येतात संध्याकाळपर्यंत. केबिनही दुपारीच उघडतात. म्हणजे चढल्या चढल्या जे पहिलं जेवण असतं ते अंगावरच्या कपड्यात. आमच्या ग्रुपमधले एकजण पहाटेच्या विमानाने आलेले, जीन्स आणि जाड जॅकेट, सिंगापूरच्या त्या चिकचिकीत बिचारे घामाने निथळत बफेच्या रांगेत. हँडबॅगेत एक सुती ड्रेस, साधी सँडल, मुलांचा स्विमिंग कॉस्च्युम आणि औषधं एवढं ठेवाच. आमची मुलगी बॅग यायच्या आधीच पूलमध्ये होती.

आणि इस्त्री नेऊ नका. मी छोटी प्रवासी इस्त्री घेतली होती, मुद्दाम बाबांसाठी (बाबा म्हणजे सासरे). स्कॅनिंगमध्ये दिसली, काढून घेतली, पावती दिली, म्हणे उतरताना घेऊन जा. एक्स्टेन्शन बोर्ड, छोटी किटली, सगळ्यांचं तेच. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी, हे मला मान्य आहे. पण मग टूरवाल्यांच्या यादीत टोपी, गॉगल, सनस्क्रीन हे सगळं लिहिता आणि इस्त्री आणू नका एवढं लिहायला काय होतं? पुढचं सगळं रामायण त्या इस्त्रीमुळे झालं.

दुपारच्या जेवणाच्या जागा दोन प्रकारच्या असतात. वर पूलजवळ बफे, तिथे कोणी फार बघत नाही, फक्त ओल्या कॉस्च्युमवर काहीतरी घातलेलं हवं आणि पायात चप्पल हवी, अनवाणी चालत नाही. मुलीला मी टॉवेल गुंडाळून नेलं तर परत पाठवलं, टॉवेल म्हणजे कपडा नाही म्हणे. टीशर्ट घातल्यावर सोडलं. ते ठीक आहे, ओल्या कॉस्च्युमने खुर्च्या भिजतात, तिथे भांडण नाही. दुसरी जागा म्हणजे खाली डायनिंग रूम. टेबलावर बसायचं, वेटर वाढतो. दुपारी ती रोज उघडी नसते. बोट बंदराला लागलेली असली की आमच्या बोटीवर ती बंद असायची, दिवसभर समुद्रात असली की चालू.

आता आम्हाला ती खालचीच का हवी होती, तर आई. सासूबाईंचा चातुर्मास, कांदा-लसूण नाही. बफेत भारतीय काउंटर होता, जेवण चांगलंही होतं, पण एका भांड्यातला डाव लोक दुसऱ्या भांड्यात घालतात, ते बघून आई दही-भात घेऊन गप्प बसायच्या. खालच्या वेटरने आदल्या रात्री स्वतःहून सांगितलं होतं की उद्या दुपारी या, मी किचनमध्ये सांगून ठेवतो, कांदा-लसूण न घालता डाळ, भाजी, पोळी देतो. आई सकाळपासून त्या पोळीची वाट बघत होत्या.

तर समुद्राचा दिवस. बाबा रिटायर्ड मुख्याध्यापक, सांगलीचे, आयुष्यभर पांढरा पायजमा आणि खादीचा झब्बा. पँट ते फक्त विमानात घालतात, तीही कुरकुरत. कडक इस्त्रीचे जोड प्रवासात संपले होते, उरलेला बॅगेतून काढला तर घडीच्या रेषा अशा की अंगावर चौकोन उमटलेले. खादी ती, हाताने झटकून काय जाणार. बोटीवर इस्त्री करून मिळते, पण एका झब्ब्याचे जे डॉलर सांगितले तेवढ्यात कोथरूडात आमची महिन्याची इस्त्री होते. बाबा म्हणाले काही नको, स्वच्छ आहे ना, बास.

डायनिंग रूमच्या दारात एक मुलगा उभा असतो, खोली नंबर विचारतो, टेबल देतो. त्याने आईंना हसून नमस्कार केला, मला आत सोडलं, आणि बाबांना हात आडवा केला. "सॉरी सर, नो स्लीपवेअर." मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं हा आमचा नेहमीचा पोशाख आहे. तो म्हणे मॅडम, नाइटड्रेस आणि बाथरोब डायनिंग रूममध्ये चालत नाही, नियम आहे. आणि खरंच, रोज केबिनमध्ये जो कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर तसं छापलंय. मी तोच कागद काढून दाखवला की बाबा रे, स्लीपवेअर नको असं लिहिलंय, हे स्लीपवेअर नाहीच. तो काही ऐकेना. आवाज चढवत नाही, चिडत नाही, नुसता हसतो आणि सॉरी म्हणतो. असल्या माणसाशी भांडताही येत नाही.

बरं, आदल्या रात्री याच मुलाने याच बाबांना खुर्ची ओढून दिली होती! हाच पायजमा, हाच झब्बा (म्हणजे इस्त्रीचा), वर जाकीट. लोक बाबांबरोबर फोटो काढत होते.

आम्ही दारात उभे आणि आमच्या बाजूने एक गोरा माणूस हाफ पँट आणि घामाने भिजलेला टीशर्ट, सरळ जिममधून उठून आलेला, तो आत. त्याला काही नाही. मी बोट दाखवून विचारलं, हा चालतो? तर म्हणे ते कॅज्युअल आहे. दिवसा कॅज्युअल चालतं. मग तर माझं डोकंच फिरलं.

मागे रांग वाढायला लागली. नवऱ्याचं नेहमीप्रमाणे, "जाऊ दे ना, वर बफेला जाऊ." बाबा म्हणाले, "मी ताट हातात धरून फिरणार नाही." आई आत टेबलाशी एकट्या, पाणी वाढलेलं, मान वळवून वळवून दाराकडे बघतायत. टूर मॅनेजर मुलाला फोन केला तर रेंज नाही, समुद्रात आमचे फोन चालत नव्हते आणि वायफाय पॅकेज त्याच्याकडे होतं पण आमच्याकडे नव्हतं. मुलगी त्याला शोधायला धावली, तो वर डेकवर ग्रुपचा तंबोला घेत होता. म्हणाला आकडे संपले की येतो.

आणि मग बाबांनी, जे इतका वेळ शांत उभे होते, त्यांनी झब्ब्याच्या खिशाचं पेन काढलं आणि त्या मुलासमोर धरलं. शाळेतलं इंग्रजी, एकेक शब्द सावकाश. त्याचा अर्थ असा, की झोपायला निघालेला माणूस खिशाला पेन लावतो का? रांगेतली एक बाई मोठ्याने हसली. मुलगा गोंधळला, आत गेला आणि साहेबांना घेऊन आला.

हा हेड वेटर निघाला गोव्याचा, मडगावच्या बाजूचा. आडनाव सांगत नाही. इतकी वर्षं तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) म्हणून काढलेला माणूस, आल्या आल्या बाबांना म्हणाला, "कितें जालें बाब?" बाबा मराठीत, तो कोकणीत, व्यवस्थित चाललं होतं त्यांचं. त्याला सगळं दिसत होतं, हे काय आहे ते त्याला शिकवायची गरज नव्हती. पण दारातल्या मुलाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं नाही म्हणून असेल, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की कालचं जाकीट आहे ना, तेवढं वर घालून या, मी टेबल धरून ठेवतो, दीडला दार बंद होतं.

घड्याळात सव्वा होऊन गेला होता. लिफ्टला ही गर्दी, सगळे वर बफेला निघालेले. जिन्याने चढले, आमचा मजला आला, पण बाहेर पडले ती उलट्या बाजूला, आणि त्या बोटीचे पॅसेज म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, संपतच नाहीत. केबिनमध्ये पोचले तर सफाई चालू, जाकीट कपाटात हँगरला. घेतलं आणि पळत खाली. बाबांनी दारातच त्या चुरगळलेल्या झब्ब्यावर जाकीट चढवलं, बटणं लावली, पेन जाकिटाच्या खिशाला. तो मुलगा म्हणाला, "वेलकम सर!" मनापासून म्हणाला हो, तोच तर राग आहे. खालचा पायजमा तोच, चौकोन तेच, एक बिनबाह्यांचं जाकीट आलं आणि झोपायचा कपडा जेवायचा झाला.

पोळ्या मात्र मऊ होत्या. आईंनी तीन खाल्ल्या.

नंतर मी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला जाऊन तक्रार लिहिलीच. त्यांनी नम्रपणे घेतली, रात्री केबिनमध्ये फळांची टोपली आणि माफीची चिठ्ठी. माफी कसली, तर "झालेल्या गैरसोयीबद्दल". नियमात राष्ट्रीय किंवा पारंपरिक पोशाख चालेल अशी एक ओळ घाला असं मी लिहिलं होतं, त्यावर चकार शब्द नाही. आमच्या बोटीवर अर्धी माणसं भारतातली होती, निदान दारातल्या मुलांना फोटो तरी दाखवा. पेनांगला याच कपड्यात बाबा जॉर्ज टाउनमधल्या मारिअम्मनच्या देवळात गेले होते, 1833 चं देऊळ आहे, बंदरापासून चालत जाता येतं, तिथल्या पुजाऱ्याने बाबांना पुढे बोलावून आरती दिली.

तर ज्यांच्या घरी पायजमा-झब्बावाले आहेत त्यांनी जाकीट दुपारीही हाताशी ठेवा, केबिनमध्ये नको. खादीऐवजी टेरिकॉटचा एखादा झब्बा घ्या, चुरगळत नाही. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून कपडा आत टांगला की वाफेने बऱ्याच घड्या जातात, हे मला ग्रुपमधल्या एका मावशींनी सांगितलं, अर्थात सगळं होऊन गेल्यावर.

बायकांना त्रास कमी. साडी, पंजाबी ड्रेस, कुर्ता-लेगिंग, कुठेही कोणी हटकत नाही. फक्त उघड्या डेकवर वारा भयंकर, पदराला पिन लावा, ओढणी बांधून ठेवा. जेवताना मात्र ओढणी लागतेच, बाहेर उकाडा आणि आत एसी इतका की आमटी टेबलावर येईपर्यंत गार. आई सरळ स्वेटर घालून जेवायच्या. गाऊन मात्र नाही! सकाळी चहाला गाऊनवर ओढणी घेऊन जायची आपली सवय आहे, आमच्यातल्या दोघी-तिघी गेल्या आणि बफेवाल्यांनीसुद्धा त्यांना परत पाठवलं. तिथे मी कंपनीच्या बाजूने आहे.

फुकेतला आमची बोट धक्क्याला लागली नाही, पाटाँगच्या किनाऱ्यासमोर उभी राहिली आणि छोट्या बोटींनी ने-आण झाली. परत येताना रांग असते, बफे बंद व्हायची वेळ होते, केबिनमध्ये जाऊन बदलायला सवड मिळत नाही. तिथे पटकन सुकणारी थ्री-फोर्थ आणि पिशवीत एक कोरडा टीशर्ट, म्हणजे वाळू झटकून थेट जेवायला. पुरुषांनी बनियनसारखे बिनबाह्यांचे टीशर्ट घालू नयेत, बफेत कोणी बोलत नाही पण खाली अडवतात.

आणि शेवटचं राहिलंच. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात घेऊन जातात आणि थेट टर्मिनलवर मिळतात. सकाळच्या नाश्त्याचे कपडे आधी बाजूला काढा आणि मगच बॅग बंद करा. ज्या मावशींनी मला वाफेची युक्ती सांगितली त्यांनी सगळंच्या सगळं भरून बाहेर ठेवलं, आणि सकाळी गाऊनवर काकांचा गाला नाइटचा ब्लेझर चढवून इडली घ्यायला आल्या. दारातल्याने अडवलं नाही.