गाडी खोलण्याआधीची यादी

९ मे

घरात तीन याद्या तयार झाल्यात. आण्णांच्या यादीत पहिलं काम रंग, कारण यंदाच्या दसऱ्याला आजोबांची गाडी, वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रक, दारात पूजेला उभी राहिली पाहिजे. माझ्या यादीत पहिलं इंजिन. आवाज कानावर पडल्याशिवाय खर्चाला हातच धजावत नाही. मिस्त्रींची यादी कागदावर नाही. दुपारी ते गुऱ्हाळाच्या शेडमध्ये आले, गाडीभोवती सावकाश फिरले, खाली वाकून लहान हातोडीनं चासीवर ठिकठिकाणी टकटक करत गेले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "आरसी हाय न्हवं जाग्यावर?"

आहे. गाडी १९७४ची, टाटा १२१०, नाकवाली. १२ म्हणजे एकूण वजन बारा टन, १० म्हणजे शंभराच्या घरातली अश्वशक्ती. आकडे लिहायची ही जर्मन पद्धत. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं मर्सिडीजवाल्या डायम्लर-बेंझशी करार केला, त्यातून ती जमशेदपूरला आली. करार पंधरा वर्षांनी संपला आणि जाळीवरच्या तीन टोकी ताऱ्याच्या जागी इंग्रजी टी आला. म्हणजे आमच्या गाडीला तारा नव्हताच. पण भंगारवाल्यांकडं चौकशी केली की प्रत्येक जण ताराच दाखवतो. दिसतो देखणा, भावही तसाच. नको म्हणून ठेवलं.

कागद आधी का, हे मिस्त्रींनी एका वाक्यात उडवून लावलं, मी मात्र संध्याकाळी बसून वाचलं. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, पण ते पन्नास वर्षांवरच्या, स्वतःच्या वापरातल्या दुचाकी-चारचाकींसाठी. धंद्याचा मालट्रक त्यात बसत नाही. म्हणजे आमची गाडी कायद्याच्या लेखी ट्रकच, दरवर्षी फिटनेस लागणारी, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेसची फी २०२२ पासून चांगलीच चढलेली. नुसती शेडमध्ये आणि दसऱ्याला दारात ठेवायची की रस्त्यावर फिरवायची, याचं उत्तर ठरल्याशिवाय ब्रेकवर किती आणि रंगावर किती घालायचे हे ठरत नाही. आण्णा म्हणाले, "फिरवायची." मग यादी बदलली.

आज प्रत्यक्ष झालेलं काम एकच. चासी नंबर जिथं ठोकलाय तिथला चिखल ओल्या फडक्यानं काढला, कागद ठेवला आणि पेन्सिल घासून छाप घेतला. आकडे अजून स्पष्ट आहेत. पुढं गंज काढताना, घासताना तिथं ग्राइंडर फिरला तर हा नंबर पुन्हा येत नाही, आणि नंबर गेला की आरटीओच्या दारात गाडी चोरीची ठरायला वेळ लागत नाही. त्या जागेवर आता चिकटपट्टी लावून लाल खूण केलीय. कुणीही हात लावायचा नाही.

१४ मे

आधी खोलायची की आधी चालू करायची, यावर गेले काही दिवस वाद चालला होता. माझा चुलतभाऊ म्हणतो, एवढी वर्षं उभी असलेली गाडी चालू करून बघण्यात काय अर्थ, सगळंच बदलायचंय तर सरळ खोला. मिस्त्रींचं उलट: "खोललेली गाडी बोलत न्हाई." टेबलावर ठेवलेला गिअर दातांवरून जेवढा कळतो, त्यापेक्षा चालत्या गाडीत लिव्हर हातात धरून जास्त कळतो. मला हे पटलं. शिवाय आमच्याकडं शेडाशेडात अर्धवट खोललेल्या गाड्या मी पाहिल्यात. पोत्यात नटबोल्ट, कोपऱ्यात हेड, आणि मालकाचा उत्साह कधीच मावळलेला. बहुतेकांनी चालू न करताच खोललेल्या.

म्हणून आधी जागी करायची ठरली. पण त्यातही क्रम आहे, आणि तो चुकवला तर इंजिन जातं.

डिझेलची टाकी पहिल्यांदा खाली केली. तळात काकवीसारखा काळा गाळ होता. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवे घातले. मग सहाही नोझल काढले, भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल आणि डिझेल ओतलं आणि तसंच ठेवून दिलं, चिकटलेल्या रिंगा सुटाव्यात म्हणून. नंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवायचं. थोडं फिरलं आणि अडलं. माझा हात पाइप लावून जोर द्यायला निघाला होता, मिस्त्रींनी पानाच काढून घेतला. वरचं टॅपेट कव्हर उघडलं तर एक व्हॉल्व्ह खाली अडकलेला. जोर लावला असता तर पुशरॉड वाकला असता, नाहीतर पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह बसला असता. ऑइल सोडत, हलक्या हातानं ठोकत तो सुटला.

खरी भीती डिझेल पंपाची होती. ह्या पंपात एक रॅक असते. ती पुढं-मागं सरकते तसं डिझेल कमी-जास्त होतं. वर्षानुवर्षं आत डिझेल वाळलं की ती जागेवर धरते. ती फुल डिझेलवर अडकली आणि इंजिन चालू झालं, तर किल्ली फिरवून काही उपयोग नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा आणि डिझेल मिळतंय तोवर ते पळतं, वेग वाढवत पळतं आणि शेवटी आतून फुटतं. म्हणून मिस्त्रींनी पंपाची बाजूची पट्टी खोलून रॅक बोटानं हलवून पाहिली. अडकलेली होतीच. ती सुटून स्वतःहून परत यायला लागल्यावरच पुढची गोष्ट. तरीही चालू करताना एक पोरगा सपाट फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा केला होता. इंजिन पळालं तर फळी दाबायची, हवा बंद.

फळीची गरज पडली नाही. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, स्टॉपची केबल ओढून धरून आधी नुसतंच फिरवलं, ऑइलच्या प्रेशरचा काटा हलल्यावर केबल सोडली. पांढरा धूर, खोकला, मग सहाही सिलिंडर. आण्णा बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत, घरात जाऊन सगळ्यांना घेऊन आले.

धूर नंतर निळा झाला आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीतून भकाभका वाफ यायला लागली. म्हणजे रिंगा किंवा सिलिंडरचे लायनर झिजलेले. अंगणात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पुढं-मागं केली, हातब्रेकच्या भरवशावर. दुसरा गिअर जोर सोडला की निसटतो. स्टेअरिंग वळवताना डाव्या चाकाला किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा, खडखडाट. मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगचा आवाज मात्र स्वच्छ. हे शेवटचं कळलं त्यातच मोठा खर्च वाचला, कारण चुलतभावाच्या यादीत त्यातले क्राउन-पिनियन गिअर बदलणं होतं.

२३ मे

मी वहीत कामं लिहून त्यांना बाण जोडत बसलो होतो. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, म्हणजे क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी. सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे नुसती मजुरी. किंगपिनसाठी हब उतरणार, म्हणजे पुढचे ब्रेक ड्रम लेथवर आणि ब्रेकचे लायनर तेव्हाच. ब्रेकचे पाइप हौदा बसायच्या आधी. स्प्रिंगचे पाटे हौद्याच्या आधी, नाहीतर एका बाजूचा दबलेला पाटा सरळ केला की नवा हौदा तिरका दिसणार. वायरिंग केबिनच्या रंगानंतर आणि आतल्या पत्र्याच्या आधी. चित्र छान झालं. मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी वही परत दिली आणि विचारलं, "ह्यात पाऊस कुठं हाय?"

खरं आहे. ह्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणीच असतं. सँड ब्लास्टिंग केलेला उघडा लोखंडी पत्रा अशा हवेत काही तासांत तांबूस होतो. रेड ऑक्साइडचा नुसता हात मारून ठेवला तरी भागत नाही. प्रायमर ओल धरतो, आणि वरून रंग दिला की महिन्याभरात फोड. म्हणून चासीला आत्ता हात लावायचा नाही असं ठरलं. तिच्यावर आजवर बसलेला ग्रीस-ऑइलचा थर पावसाळाभर तिला सांभाळेल, खरवडायला गेलो तर उघडी पडेल. फक्त माप घेतलं: गाडी सिमेंटच्या अंगणात घेतली, चासीच्या ठरावीक भोकांमधून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि कर्णांची मापं दोरीनं ताडून पाहिली. जुळली. चासी पिळलेली नाही. मागच्या बाजूला जिथं पट्टीला पट्टी रिबिटांनी जोडलीय तिथं मात्र मधे गंज फुगलाय, ते रिबिट काढावेच लागतील.

मग पावसात काय करायचं? शेडखाली जे होतं ते. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अॅक्सल. ह्या दिवसांत मिस्त्रीही मोकळे असतात. दसरा जवळ आला की ऊसवाहतुकीच्या गाड्यांची रांग लागते आणि कारखाने सुरू होईपर्यंत त्यांच्याकडं वेळ नसतो. रंगारी तर खंडेनवमीच्या आधी फोनही घेत नाही. म्हणजे मे-जूनमध्ये खोलायची, पावसात इंजिन, दिवाळीनंतर कोरड्या हवेत चासी, मग जोडणी, सुतार, आणि रंग सगळ्यांच्या मागून. यंदाच्या दसऱ्याला गाडीला इंजिनही नसणार. आण्णांना हे मी सांगितलं नाही, मिस्त्रींनी सांगितलं, कारण त्यांचं ऐकतात.

हौद्याचं लाकूड मात्र शेवटी बसणार असलं तरी घ्यायचं आत्ताच. ओलं लाकूड बोल्टनं आवळलं की सुकताना आकसतं, फटी पडतात, बोल्ट ढिले होतात, फाळका कुरकुरतो. फळ्या कापून, मधे पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवायच्या. आणि केबिनसाठीही लाकूड लागणार. टाटाकडून तेव्हा बऱ्याच गाड्या नुसती चासी आणि पुढचं नाक एवढ्याच यायच्या, केबिन आणि हौदा इथले बॉडीबिल्डर बांधायचे. आमच्या केबिनचा सांगाडा लाकडी आहे, खालचे दोन्ही खांब भुसभुशीत झालेत. "ओरिजिनल ठेवा" असं जे सांगतात त्यांना म्हणावं, ओरिजिनल म्हणजे जमशेदपूर की कोल्हापूर?

३ जून

खोलायच्या आधी दारं उतरवून घरात माडीवर नेली. डाव्या दारावर पेंटरच्या हातची आजोबांच्या नावाची अक्षरं आहेत, पिवळ्यावर लाल, सावली दिलेली. ती तशीच ठेवायची. हा निर्णय यादीत कुठं बसतो हे मला कळत नव्हतं, कारण त्यात काम काहीच नाही. पण तो पहिला घ्यावा लागला. दारावर घासकाम नाही म्हणजे बाकीचा रंग त्या विटलेल्या पिवळ्याशी जुळवून काढायचा, आणि त्या दारांना लांबी (पुट्टी) भरायची नाही, पोचे तसेच. कपाळावरचं "पब्लिक कॅरिअर" मात्र पुन्हा लिहायचं. तो शब्द १९३९च्या मोटार कायद्यातला. १९८८चा कायदा आल्यावर तो गेला, तरी ह्या गाडीच्या कपाळावर तोच शोभतो.

शोधाशोध आत्तापासून सुरू. मीटर, खिडकीची काच वर-खाली करणारं मशीन, जाळी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जावं लागेल, कुर्ल्यालाही एक फेरी. ह्या वस्तू कधी मिळतील याचा नेम नाही, म्हणून त्यांची वाट बघायला आधी सुरुवात करायची. टायर, बॅटरी उलट: हव्या तेव्हा मिळतात आणि पडून राहिल्या की मुकाट जुन्या होतात. ९.००-२०चे सहा टायर, वर स्टेपनी, घ्यायचे ते गाडी चाकांवर उभी करायच्या आठवड्यात. तोवर जुन्या, तडे गेलेल्या टायरांवरच ढकलाढकली.

चुलतभावानं काल नवीन काढलं: टाटाच्याच मोठ्या १६१२ ट्रकचं ६९७ इंजिन भंगारात स्वस्त मिळतंय, तेच टाकू. ताकद जास्त आहे, खोटं नाही. पण आमचं आहे ते ६९२, सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. बदललं की आरसीवर इंजिन नंबर बदलायचा, पुन्हा आरटीओ. मी नको म्हटलं. मिस्त्री म्हणाले, आधी ब्लॉक आणि क्रँक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाठवू, दोन्ही मोजू. नुसते लायनर टाकून भागतंय की क्रँकही घासावा लागतोय, ते कळेल. त्या मापावर बाकीचा सगळा हिशेब आहे: क्रँकचं काम निघालं तर केबिनचं लाकूड पुढच्या वर्षावर, नाही निघालं तर सुताराला दिवाळीची तारीख देता येईल. माप येईपर्यंत टायरवाल्याचा फोन उचलायचा नाही, असं आण्णांनीच बजावलंय. तो सकाळपासून तीनदा वाजला.