तुम्ही विचारलंत म्हणून : डोंगरातली सुट्टी उतरणीपासून आखा

धुळ्यात फिजिओथेरपी करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दिवाळीच्या आधीपासून यायला लागतो तो थेट होळीपर्यंत. "मॅडम, यंदा नुसतं लोळायला जायचं नाही. आठवडाभर डोंगरात राहायचं, रोज चालायचं, योगा करायचा, जरा वजन-बिजन उतरवून यायचं. प्लॅन कसा करू?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. शिक्षक, बँकेतले, दुकानदार, आणि हल्ली गटाने जाणाऱ्या बायका तर पुष्कळच. दर वेळी तेच तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

चढायची काळजी सोडा, उतरायची करा. मला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं.

लोक सुट्टीच्या आधी माझ्याकडे क्वचित येतात. सुट्टीनंतर मात्र हमखास येतात, आणि दवाखान्याच्या तीन पायऱ्या कठडा धरून, आडवे होत उतरतात. तक्रार एकच. "ताई, चढताना काहीच नही व्हयनं, उतरताना वाट लागनी." खरंच आहे ते. चढताना दम लागतो, माणूस आपोआप थांबतो, पाणी पितो, फोटो काढतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबायचं सुचत नाही. आणि नेमकं तेव्हाच मांडीचा पुढचा स्नायू सर्वांत अवघड काम करत असतो. चढताना तो आखडत जोर लावतो. उतरताना मात्र ताणला जात असतानाच तुमच्या वजनाला ब्रेक लावत असतो. सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना त्यात बारीक बारीक इजा होते. त्या संध्याकाळी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुखायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर होतो, मग चार-पाच दिवसांत ओसरतं. ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे होतं असं जिमवाले सांगतात. ते खरं नाही. ते ॲसिड तासाभरात रक्तातून निघून जातं.

आपल्या खानदेशी माणसाची यात खास अडचण आहे. तापीकाठची आपली जमीन कशी, काळी आणि सपाट. सकाळी पाच-सहा किलोमीटर चालणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांचं हृदय ठणठणीत, दम उत्तम. पण वर्षभरात त्यांच्या पायांना उतार म्हणून माहीतच नसतो. आणि "मी रोज चालतो" या भरवशावर ती पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठा पॉइंट गाठतात.

यावरचा उपाय सोपा आहे, फुकट आहे, आणि म्हणूनच कोणी करत नाही. स्नायूला एकदा थोडा उतार दाखवला की पुढच्या वेळी तो खूप कमी दुखतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. तेव्हा निघायच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा पायऱ्या उतरा. उतराच म्हणतेय. तुमच्या इमारतीला लिफ्ट असेल तर लिफ्टने वर जा आणि चालत खाली या. शेजारी हसतील, हसू द्या. सुरुवात दोन-तीन मजल्यांनी, मग वाढवत न्या. घरी खुर्चीवर बसताना धप्पकन बसू नका, मनात चार अंक मोजत सावकाश बसा, असं दहादा. गुडघे आधीच झिजलेले असतील तर पायऱ्यांऐवजी हे खुर्चीचंच करा आणि आधी तपासून घ्या.

धुळेकरांना तर लळिंग हाताशी आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर, शहरापासून दहा किलोमीटरच्या आत. रविवारी सकाळी गडावर जा, वर जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ घेऊन खाली या. चाळीसगावकरांना पाटणादेवी आणि गौताळ्याच्या डोंगररांगा, यावल-रावेरकरांना मनुदेवी आणि पालचा परिसर. एखाद्या रविवारचा सराव इथे होतो, शिवाय बूट कुठे चावतात तेही कळतं. बुटाचं एकच सांगते: पुढे अंगठ्याला जागा हवी, घोट्याशी नाडी घट्ट हवी, आणि पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापलेली हवीत. काळी पडलेली नखं घेऊन येणारे सगळे उतारावरचेच असतात.

आता जायचं कुठे? "हिमाचलला जाऊ का?" हाही प्रश्न असतोच. जा की. पण आठवड्यातले जाता-येता तीन दिवस रेल्वे आणि बस खातात, उरलेल्या चारांत तब्येत काय कमावणार? दुसरं म्हणजे उंची. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. मनालीला, २००० मीटरच्या आसपास, सहसा काही होत नाही. पण विमानाने थेट लेहला, ३५०० मीटरवर, उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यनमस्कार घालायचे म्हणाल, तर मी नाही म्हणेन.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तोरणमाळ सांगते. शहाद्याहून साधारण ५५ किलोमीटर, रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार. उंची ११५० मीटरच्या आसपास, म्हणजे विरळ हवेचा प्रश्नच नाही. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून शहादा त्रेचाळीसवर तापलेलं असतं तेव्हाही वर श्वास घेण्याजोगं असतं. तरी मे महिन्यात चालायची सुट्टी काढू नका. छत्तीस-सदतीस अंशांत डोंगर चढणं म्हणजे तब्येत कमावणं नव्हे. पावसाळ्यात सीताखाईचा धबधबा आणि हिरवाई बघायला सगळा जिल्हा लोटतो, पण घाटात दगड-माती येते आणि पायवाटा शेवाळलेल्या असतात. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तिथे कडाक्याची थंडी असते, स्वेटर-मफलर विसरू नका. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. दर्शनाला जायचं तर जरूर जा, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. राहायला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, वनविभागाचं विश्रामगृह आहे, पण आधी फोन करून खात्री करूनच निघा. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. जंगलातल्या वाटेला पावरा समाजातला एखादा स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे नीट द्या, घासाघीस करू नका.

आठवडा मी असा लावते. पोहोचल्या दिवशी यशवंत तलावाच्या काठाने फेरी, लवकर जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी मध्यम चाल, मुद्दाम थोडा उतार असलेली. तिसरा दिवस हलका: सपाटीवर फिरणं, मच्छिंद्रनाथांची गुंफा, सकाळ-संध्याकाळ आसनं. पाय दुखायचे असले तर याच दिवशी कळतं. मोठी चाल चौथ्या दिवशी, खडकी पॉइंटकडे किंवा तुमचा वाटाड्या सुचवेल तिकडे. पाचव्या दिवशी पुन्हा आराम, सहाव्याला मनासारखं, सातव्याला परत. सात दिवसांत मोठी चाल एकच, हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. "मॅडम, एवढे पैसे खर्चून एकच दिवस चालायचं?" अहो, रोज चालायचंय, पण रोज परीक्षा द्यायची नाही.

वेळेचा हिशोब कसा करायचा? स्कॉटलंडचे गिर्यारोहक नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक नियम घालून दिला, तो अजून चालतो. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. म्हणजे ८ किलोमीटरची वाट आणि ४०० मीटर चढ असेल तर सव्वादोन तास. हा हिशोब तयारीच्या माणसाचा. आपल्या गटाला दीडपट धरा, साडेतीन तास. तीव्र उतार असेल तर तो चढाइतकाच वेळ खातो असं समजा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डोंगराआड तर आधीच. म्हणून दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं, पॉइंट समोर दिसत असला तरी. फेब्रुवारीपासून सागाची पानं गळून वाटेवर पसरतात, त्यांच्याखाली सुटा मुरूम. उतरताना पाय सटकतो तो इथेच. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, हातात काठी असू द्या, आणि पुढच्याने "धाव, मजा येते" म्हटलं तरी धावू नका.

अस्तंबा पहिल्याच वर्षी करू का, असं तरुण मुलं विचारतात. तळोद्याकडून जातात तो, १३२५ मीटरचा, अश्वत्थाम्याचा डोंगर. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा असते आणि हजारो माणसं तो चढतात. डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा भेटतो अशी श्रद्धा आहे. श्रद्धेने चढणाऱ्याला मी काही शिकवणार नाही. पण तब्येतीसाठी म्हणून जात असाल तर आधी एक हिवाळा लहान डोंगरांवर काढा. व्यायामच बघायचा असेल तर सातपुड्यातली होळी बघा, अक्कलकुव्याकडच्या काठी गावची. कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचणारी माणसं बघितली की आपल्या झुम्बा क्लासची लाज वाटते.

आरामाच्या दिवसाला गरम पाण्याची जोड देता येते. उनपदेव नावाचे गरम पाण्याचे झरे आपल्याकडे दोन आहेत, एक शहादा तालुक्यात, एक चोपड्याकडे अडावदजवळ. दुखऱ्या मांड्यांना तिथे बरं वाटतं, यात शंका नाही. त्वचेचे सगळे रोग जातात वगैरे ऐकाल, ते ऐकून सोडून द्या. ताजा मुरगळलेला घोटा मात्र पहिले दोन दिवस गरम पाण्यात घालू नका. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी पाच-दहा मिनिटांत बाहेर यावं आणि उठताना सावकाश उठावं.

खाण्यावर माझे आणि पेशंटचे सर्वांत जास्त वाद होतात. डोंगरात जाऊन फक्त रस पिऊन "डिटॉक्स" करायचं पॅकेज हल्ली विकतात. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकट करतात. चालायच्या आठवड्यात उपाशी राहिलात तर फक्त चक्कर येईल. आपल्या घरचं खाणं या कामाला बनलेलंच आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद दोन्ही आलं, म्हणजे ताकदही आली आणि प्रथिनंही. सोबत भरीत, दाण्याची चटणी, ताक. पिशवीत जळगावची केळी आणि गूळ-शेंगदाणे. फक्त मोठ्या चालीच्या आदल्या रात्री तर्रीवाली शेवभाजी नको. सकाळी चढावर छातीत जळजळ झाली की ती पित्ताची की हृदयाची हे तिथे कोणी सांगू शकणार नाही. पाण्यासाठी घरचं मिश्रण: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मधुमेहींनी यातली साखर बघून दचकू नये, पण रोज पिण्यासाठी हे नाही, घाम फार गेला किंवा जुलाब झाले तरच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा; दिवसभर चालल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. छातीत दुखत असेल, गेल्या काही महिन्यांत अँजिओप्लास्टी झाली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी त्यांना भेटा. १०८ हा नंबर पाठ असू द्या, पण वरून खाली शहाद्याला पोहोचायला वेळ लागतो हे धरूनच चाला.

चालताना वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर जरा पाय उचला, बोलताच येत नसेल तर थांबा.

शेवटचा प्रश्न बायकाच विचारतात, तोही हळू आवाजात: "सासूबाई येते म्हणताहेत, नेऊ का?" न्या. त्यांना तलावाची फेरी, सकाळचं ऊन आणि देवदर्शन पुरेसं असतं, आणि जिथे उतार असेल तिथे त्यांच्यासाठी जीप सांगा. फक्त काठ्या दोन घ्या. एकच नेलीत तर ती पहिल्या दिवशी त्यांच्या हातात जाईल आणि परत मागायची तुमची छाती होणार नाही.